ग्लोव्हशिवाय चौदा सीझन सेकंड बेस: बिड मॅकफीचं एवढं कौतुक का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रिकेटमध्ये कीपर सोडून सगळेच उघड्या हाताने फिल्डिंग करतात, क्रिकेटचा बॉल तर बेसबॉलपेक्षा जड, मग एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा तो बेसबॉलवाला बिड मॅकफी ग्लोव्ह न घालता सेकंड बेस खेळला, म्हणजे दुसऱ्या बेसजवळची जागा सांभाळली, म्हणून त्याचं एवढं काय कौतुक? आणि दुसरं, भाची शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये सेकंड बेसला खेळते, तिला अशी उघड्या हाताची प्रॅक्टिस द्यावी का?

मी बरीच वर्षं इनफिल्डला (मैदानाच्या बेसजवळच्या आतल्या भागात) उभा राहिलोय आणि आता त्याच जागेवरच्या पोरापोरींना शिकवतो, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, उत्तर लांबणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते पहिल्यातूनच निघतं.

आधी क्रिकेटचं बघू. वजनाचं तुम्ही बरोबर बोलताय, क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, बेसबॉल १४२ ते १४९. पण नुसतं वजन बघून चालत नाही. पॉइंटला किंवा कव्हरला उभ्या माणसाकडे बॉल आला आणि तो हातात नीट बसला नाही, छातीला लागून पुढे पडला, तरी फार तर एक रन जातो. इनफिल्डला ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) आला की तो उचलून, पाय फिरवून, फर्स्ट बेसला थ्रो पोचवायचा असतो आणि बॅटर तेवढ्या वेळात त्याच बेसपर्यंत ९० फूट पळणार असतो, चपळ बॅटरला त्याला चार सेकंदांच्या आसपासच लागतात. बॉल एकदा हातातून उसळला की संपलं. आणि सेकंड बेसवाल्याचं अर्धं काम बॅटवरून आलेला बॉल धरायचं नसतंच, ते असतं आपल्याच माणसांचे थ्रो धरायचं. शॉर्टस्टॉपचा (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) थ्रो, कॅचरचा (बॅटरमागचा, आपल्या कीपरसारखा) थ्रो, आउटफिल्डचा (लांबच्या फिल्डरांचा) थ्रो, सगळे पूर्ण ताकदीने मारलेले आणि त्याच वेळी समोरून रनर स्पाइक्सचे बूट पुढे करून सरकत येतोय. मॅकफीने १८८६ च्या एका सीझनमध्ये ५२९ पुटआउट केले, म्हणजे ५२९ वेळा बॅटर नाहीतर रनर त्याच्याच हातून बाद झाला, कधी कॅच घेऊन, कधी बॉल हातात ठेवून बेसवर पाय टेकवून, कधी रनरला बॉल लावून. आणि हे सगळं उघड्या हाताने. सेकंड बेसवाल्यांमध्ये हा आकडा आजही कोणी मोडलेला नाही. याशिवाय असिस्टचे बॉल (आपण फेकायचा, बाद दुसऱ्याने करायचं), चुकलेले बॉल, मॅचआधीच्या सरावातले बॉल वेगळेच. दुसऱ्या दिवशी परत मॅच, हाताला विश्रांती नाही.

आता माणूस कोण होता ते. जॉन अलेक्झांडर मॅकफी, जन्म १ नोव्हेंबर १८५९, न्यूयॉर्क राज्यातल्या मसीना गावचा, पण लहानपणीच घर इलिनॉयमध्ये मिसिसिपी नदीकाठच्या कीथ्सबर्गला आलं. सतरा-अठराव्या वर्षी, १८७७ मध्ये तो आयोवामधल्या डॅव्हनपोर्टच्या टीमकडून खेळायला लागला, तोही आधी कॅचर म्हणून. सेकंड बेस नंतर आला. मला यात आश्चर्य वाटत नाही, ज्याने कॅचर म्हणून दिवस काढलेत त्याला बॉलची भीती राहत नाही आणि अख्खा खेळ समोरून बघायची सवय लागलेली असते. मग मध्येच गड्याने खेळ सोडला आणि हिशेबनिशी धरली. त्या काळात बेसबॉलचा पगार म्हणजे आज आहे उद्या नाही, क्लब अर्ध्या सीझनमध्ये बुडायचे, त्यामुळे कारकुनीची खुर्ची जास्त भरवशाची होती. १८८१ ला तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनकडून परत मैदानात उतरला आणि १८८२ ला सिनसिनाटीला गेला. तिथून हललाच नाही. १८९९ पर्यंत, १८ सीझन, एकच क्लब.

ह्या सिनसिनाटी क्लबची गोष्टही भारी आहे. शहराची आधीची टीम नॅशनल लीग ह्या तेव्हाच्या मोठ्या लीगमधून १८८० नंतर हाकलली गेली होती, कारण काय तर ग्राउंडवर बिअर विकायचे आणि रविवारी ग्राउंड भाड्याने द्यायचे. सिनसिनाटी जर्मन वस्तीचं शहर, तिथे रविवारी बिअर नाही म्हणजे लोकांनी करायचं तरी काय! मग अशाच लोकांनी मिळून अमेरिकन असोसिएशन नावाची नवी लीग काढली, तिकीट २५ सेंट, रविवारी मॅच चालेल, बिअर चालेल. नॅशनल लीगवाले नाकं मुरडून तिला बिअर अँड व्हिस्की लीग म्हणायचे. १८८२ हा तिचा पहिला सीझन आणि पहिलंच विजेतेपद सिनसिनाटीने मारलं, ५५ जिंकल्या २५ हरल्या. पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) होता विल व्हाइट, चष्मा लावून खेळणारा, त्याने एकट्याने ४० मॅच जिंकून दिल्या. आणि त्या टीमच्या सेकंड बेसला हा बावीस वर्षांचा बारीकसा मॅकफी, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच.

आता ग्लोव्हचं. लोकांना वाटतं की तेव्हा ग्लोव्ह नव्हतेच, म्हणून बिचारे उघड्या हाताने खेळायचे. तसं नाही. १८६९ ची जी सिनसिनाटीची प्रसिद्ध रेड स्टॉकिंग्ज टीम, पूर्ण पगारी अशी उघडपणे जाहीर केलेली पहिली टीम (मॅकफीचा क्लब वेगळा, नाव तेवढं उचललेलं), तिचा कॅचर डग अ‍ॅलिसन १८७० मध्येच हाताला काहीतरी घालून खेळला होता. त्या टीमचा कर्ताधर्ता हॅरी राइट हा मूळचा इंग्लंडमधला, बाप न्यूयॉर्कच्या क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू, स्वतःही आधी क्रिकेटच खेळलेला. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं क्रिकेट ह्या गोष्टीत मुळातच आहे. क्रिकेटने पुढे नियमच केला की कीपरशिवाय कोणी ग्लोव्ह घालायचा नाही. बेसबॉलने कधीच बंदी घातली नाही, तिथे फक्त लाज आड येत होती. १८७५ ला सेंट लुइसचा चार्ली वेट फर्स्ट बेसवर कातडीच्या रंगाचा ग्लोव्ह घालून उतरला, मुद्दाम त्या रंगाचा, म्हणजे लांबून कोणाला दिसू नये! ते अल्बर्ट स्पाल्डिंगने बघितलं आणि १८७७ मध्ये त्याने सरळ काळा ग्लोव्ह घातला. स्पाल्डिंग मोठा स्टार, वर स्वतःचं खेळाच्या सामानाचं दुकान, त्यामुळे त्याला हसायची कोणाची हिंमत नव्हती आणि माल खपवायचीही सोय झाली. १८८३ ला प्रॉव्हिडन्सचा शॉर्टस्टॉप आर्थर अर्विन, बोटं मोडलेली, त्याने गाडीवानाचा जाड ग्लोव्ह घेऊन आत गादी भरली. तिथून इनफिल्डमध्ये ग्लोव्ह पसरत गेला. १८९० च्या आसपास बहुतेक सगळ्यांच्या हाताला तो होता आणि १८९५ ला तर नियम करावा लागला की कॅचर आणि फर्स्ट बेस सोडून कोणाचाही ग्लोव्ह १० औंसांपेक्षा जड आणि तळव्याभोवती १४ इंचांपेक्षा मोठा नको.

म्हणजे मॅकफीला ग्लोव्ह मिळत नव्हता असं नाही. त्याला नको होता. १८९० मध्ये वर्तमानपत्रवाल्याने त्याला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की मला गरजच कधी वाटली नाही, हातावर काही असलं की फेकलेला बॉल मला नीट धरता येत नाही आणि सीझनच्या सुरुवातीला बॉल थोडे झोंबतात, पण सवय झाली की काही वाटत नाही. हात टणक व्हावेत म्हणून तो ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा असं सांगतात. लोक ह्या मिठाच्या पाण्याचीच गोष्ट सांगत बसतात, मर्दानगी वगैरे. मला विचाराल तर त्याच्या बोलण्यातलं महत्त्वाचं वाक्य फेकलेल्या बॉलचं आहे. तो दुखण्याबद्दल बोलतच नाहीये, तो ट्रान्सफरबद्दल बोलतोय, म्हणजे धरलेला बॉल फेकायच्या हातात आणण्याबद्दल.

हे जरा नीट सांगतो, कारण इथेच सगळं आहे. तेव्हाचा ग्लोव्ह म्हणजे आजच्यासारखी जाळीवाली टोपली नव्हती. अंगठा आणि पहिल्या बोटामधली जाळी, ज्यात बॉल जाऊन बसतो, ती बिल डोक नावाच्या पिचरच्या डोक्यातून निघाली, १९१९-२० च्या सुमारास, म्हणजे मॅकफी रिटायर होऊन वीस वर्षं झाल्यावर. मॅकफीच्या वेळचा ग्लोव्ह म्हणजे चामड्याची चपटी गादी, आधीआधी तर बोटं कापलेली आणि दोन्ही हातांत घालायची. तिच्यावर बॉल आपटायचा, बसायचा नाही. मार कमी लागायचा एवढंच, बॉल पकडायला मदत शून्य. आता डबल प्ले (एकाच बॉलवर दोघे बाद) डोळ्यासमोर आणा. शॉर्टस्टॉपचा थ्रो येतोय, तुम्ही बेसकडे धावताय, पाय बेसला लागायला आणि बॉल हातात यायला एकच वेळ, लगेच अंग फिरवून फर्स्टला मारायचं. उघड्या हातांनी घेतलेला बॉल आधीच फेकायच्या हाताच्या बोटांत आहे, शिवण सुद्धा लागलेली आहे. गादीवरून उसळलेला बॉल मात्र आधी शोधावा लागतो. मॅकफी डबल प्लेमध्ये ११ वेळा लीगमध्ये पहिला आला. त्याची ग्लोव्ह न घालायची जिद्द मला तरी हिशेबनिसाचीच वाटते, फायदा-तोटा मांडून ठरवलेली.

अजून दोन-तीन गोष्टी तेव्हाच्या खेळात त्याच्या बाजूने होत्या, त्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे बॉल बदलायचे नाहीत. आज बॉलला जरा माती लागली की नवा काढतात, तेव्हा एकच बॉल ओढत न्यायचे, अर्ध्या मॅचनंतर तो मऊ आणि बेढब व्हायचा, त्यामुळे खरा मार सुरुवातीच्या इनिंगलाच लागायचा. दुसरं म्हणजे मैदान. आजच्यासारखी चाळलेली माती नाही, खडे, खड्डे, गवताचे पुंजके. अशा ठिकाणी ग्लोव्हपेक्षा पाय महत्त्वाचे, तुम्ही बॉलच्या मागे कसे येता आणि कुठल्या टप्प्यावर घेता ते. १८८२ च्या सुमारास एका टीमच्या एका मॅचमध्ये चार-पाच एरर (फिल्डरच्या चुका) म्हणजे रोजचंच होतं, आजचा कोच हार्ट अटॅकने जाईल. अशा जमान्यात मॅकफी फिल्डिंगच्या टक्केवारीत नऊ वेळा सेकंड बेसवाल्यांत पहिला आला, त्यातलं बरंचसं ग्लोव्हवाल्यांच्या विरोधात उघड्या हाताने.

मग १८९६ येतं. वय ३६, बोट दुखावलेलं, आणि साहेबांनी शेवटी ग्लोव्ह घातला. काय झालं असेल? त्या वर्षी त्याची फिल्डिंगची टक्केवारी .९७८ झाली, म्हणजे हजारातले ९७८ बॉल बिनचूक, करिअरमधली सगळ्यात भारी. सेकंड बेसचं ते रेकॉर्ड मग कित्येक वर्षं टिकलं.

ह्यावर माझं मत बऱ्याच बेसबॉलवेड्यांना पटत नाही, तरी लिहितो. मॅकफीची गोष्ट उघड्या हाताच्या शौर्याची म्हणून सांगतात, पण १८९६ चा आकडा सरळ सांगतो की ग्लोव्ह त्याच्या फायद्याचाच होता. आधीच्या चपट्या गाद्यांच्या काळात त्याचा नकार बरोबर होता असं मी धरतो, पण १८९० नंतर ग्लोव्ह सुधारत गेले आणि १८९३ ला पिचर मागे नेला, आधीची पिचरच्या बॉक्सची पुढची रेघ बॅटरपासून ५० फुटांवर होती ती जाऊन आजचं ६० फूट ६ इंचांचं अंतर आलं. पिचर लांब गेला की बॅटरला बॉल दिसायला वेळ मिळतो, १८९४ ला तर अख्ख्या नॅशनल लीगची बॅटिंग सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट) .३०० च्या वर गेली. इनफिल्डवर येणारे बॉल जास्त कडक झाले. ह्या तीन वर्षांत त्याने ग्लोव्ह घातला असता तर अजून चांगले आकडे दिसले असते. पण दुसरी बाजू अशी की ३६ व्या वर्षी नवीन वस्तू हातात घेऊन पहिल्याच वर्षी कोणी करिअरमधलं बेस्ट देतो तेव्हा समजायचं की त्याचे पाय आणि नजर चौदा वर्षं हाताच्या जिवावर नाही तर हाताला वाचवत खेळली होती. उघड्या हाताच्या माणसाला बॉल चुकीच्या टप्प्यावर घेणं परवडतच नाही, बोट मोडतं. ती शिस्त असलेल्या माणसाला ग्लोव्ह दिला की मग काय विचारता.

बॅटिंगचं पटकन. सरासरी .२७२, हिट साडेबावीसशेच्या आसपास, रन जवळपास १६८०, ट्रिपल (एकाच हिटवर तिसरा बेस गाठणं) १८९. ट्रिपलकडे लक्ष द्या, मोठी मैदानं, कुंपण लांब, तिथे ट्रिपल म्हणजे पळण्याचं माप. चोरलेले बेस (हिट नसताना पळून गाठलेले) ५६८ लिहिलेले दिसतात, पण ते जरा हात राखून वाचा. एक तर १८८६ आधी मोजायचेच नाहीत, आणि १८९८ ला आजची व्याख्या येईपर्यंत दुसऱ्याच्या हिटवर स्वतःच्या हिमतीवर एक बेस जास्त मारला तरी तो चोरीत धरायचे. ५२९ पुटआउटचंही तसंच थोडं आहे. त्या काळात फाउलला (रेघेबाहेर मारलेल्या बॉलला) स्ट्राइक धरत नसत, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाल्यावर बाद) कमी व्हायचे, बॉल जास्त खेळात यायचा आणि रनर सतत सेकंड बेसकडे धावायचे. त्यामुळे आजचा कितीही भारी सेकंड बेसवाला घेतला तरी त्याला तेवढ्या संधीच मिळणार नाहीत. रेकॉर्ड खोटं नाही, पण मोडणार नाही यामागे काळाचाही हात आहे. मात्र त्याच काळातल्या बाकीच्या सेकंड बेसवाल्यांनाही ह्याच संधी होत्या आणि ते ५२९ ला पोचले नाहीत, हेही तेवढंच खरं.

आणखी एक गोष्ट, ती टाळून हा काळ सांगता येत नाही. मॅकफीच्या पिढीतले आकडे अर्ध्या मैदानाचे आकडे आहेत. १८८४ ला टोलेडोकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा कॅचर ह्याच अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला, त्यानंतर मेजर लीगची दारं काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत बंद. टोलेडोचा पिचर टोनी मुलेन, जो पुढे सिनसिनाटीत मॅकफीचा सहकारी झाला, त्याने नंतर स्वतः कबूल केलं की वॉकर मला मिळालेला सगळ्यात चांगला कॅचर होता, पण तो काळा म्हणून मी त्याच्या खुणा बघायचोच नाही, मनाला येईल ते फेकायचो. विचार करा, कुठला बॉल येतोय हे माहीत नसताना तो धरायचा! आणि सेकंड बेसचंच बोलायचं तर फ्रँक ग्रँट, १८८६ ते १८८८ बफेलोकडून इंटरनॅशनल लीगमध्ये खेळला, काळा, अफाट फिल्डर. बड फाउलर आणि ग्रँट ह्या दोघांबद्दल सांगतात की सेकंड बेसला गोरे रनर मुद्दाम स्पाइक्स मारायचे म्हणून नडग्यांना लाकडी पट्ट्या बांधून उभे राहायचे. मॅकफी आणि ग्रँट एकाच लीगमध्ये असते तर कोण पहिला आला असता, हे ठरवायची संधीच कोणी ठेवली नाही.

मॅकफीचा स्वतःचा स्वभाव मात्र त्या दंगेखोर लीगमध्ये उठून दिसणारा. दारू पिऊन मॅचला येणारे, अंपायरच्या अंगावर जाणारे ढिगाने होते, हा कधी मैदानाबाहेर काढला गेला नाही की दंड भरला नाही अशी त्याची ख्याती. १८९० ला खेळाडूंनी मालकांविरुद्ध स्वतःची प्लेअर्स लीग काढली, अर्धे स्टार तिकडे गेले, हा सिनसिनाटीतच थांबला. त्याच वर्षी क्लब नॅशनल लीगमध्ये परतला. रिटायर झाल्यावर १९०१ ला सिनसिनाटीनेच मॅनेजर केलं, ते काही जमलं नाही, पहिल्या वर्षी शेवटचा नंबर, १९०२ मध्येच अर्ध्यात सोडलं, हिशोब ७९ विजय १२४ पराभव. सभ्य माणूस चांगला मॅनेजर होतोच असं नाही, आपल्याकडेही उदाहरणं आहेत, नावं घेत नाही. मग काही वर्षं क्लबसाठी नवे खेळाडू शोधायचं काम केलं आणि कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला राहिला, तिथेच ३ जानेवारी १९४३ ला गेला.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) घेतला २००० साली. मेल्यानंतर ५७ वर्षांनी. एवढा उशीर का, तर माझ्या मते कारण साधं आहे: करिअरचा पहिला भाग अशा लीगमध्ये गेला जी १८९१ नंतर बुडाली आणि जिचे आकडे लोक दुय्यम धरायचे, आणि फिल्डिंगवर मत देणारे कमीच असतात, सगळे बॅटची सरासरी बघतात. .२७२ बघून पान उलटलं की झालं. मजा म्हणजे त्याच वर्षी सिनसिनाटीचेच टोनी पेरेझ आणि मॅनेजर स्पार्की अँडरसन पण आत गेले.

आता भाचीचं. हो, उघड्या हाताची प्रॅक्टिस द्या, पण मॅचच्या बॉलने अजिबात नको. सॉफ्टबॉल नावाला सॉफ्ट, १२ इंची बॉल १८० ग्रॅमच्या आसपास भरतो, वाढत्या वयातल्या बोटांचे सांधे त्याने कायमचे जाऊ शकतात. टेनिस बॉल घ्या. सात-आठ पावलांवरून तिच्याकडे घरंगळत सोडा, जोरात नाही. ती गुडघ्यात वाकलेली, बूड खाली, दोन्ही हात शरीराच्या पुढे, बोटं जमिनीकडे. बोटांची टोकं बॉलच्या दिशेने कधीच नकोत, बहुतेक बोटं तशीच मोडतात. बॉल आला की हात त्याच्याबरोबर पोटाकडे ओढून घ्यायचे. हात ताठ असले की टेनिस बॉल उसळून बाहेर पडतो, तिला लगेच कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. ते जमलं की उभ्याने थ्रो द्या, छातीच्या उंचीला, आणि धरल्या धरल्या बॉल फेकायच्या हातात शिवणीवर येतोय का ते बघा. मगच ग्लोव्ह चढवा आणि तेच सगळं मॅचच्या बॉलने, तेव्हाही दुसरा हात ग्लोव्हच्या शेजारीच हवा, पाठीमागे नको. हल्लीच्या पोरांची सगळ्यात मोठी खोड हीच, मोठा ग्लोव्ह आहे म्हणून एका हाताने झडप घालायची आणि मग जाळीत बॉल चाचपत बसायचं, तोपर्यंत रनर फर्स्ट ओलांडून गेलेली असते. ग्लोव्ह निवडताना सुद्धा आउटफिल्डवाल्याचा खोल ग्लोव्ह तिच्या गळ्यात मारू नका, इनफिल्डचा उथळ खिशाचा घ्या.

मिठाचं पाणी वगैरे करू नका, कातडी फुटेल आणि आठवडाभर बॅट धरता येणार नाही.